दोन बडे, चमचाभर चणे : त्रिनिदादच्या 'डबल्स'चा कारोबार

वेस्ट इंडीज म्हटले की आमच्या वाचकांपुढे क्रिकेटचे मैदान उभे राहते. खाण्याचा विषय निघाला तर फार तर ऊस आणि नारळ आठवतो. मात्र त्या बेटांपैकी त्रिनिदाद या बेटावर सकाळी सहा वाजता रस्त्याच्या कडेला जी गर्दी दिसते ती चण्यासाठी असते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. तोही आपलाच काबुली चणा, जिरे-हळद घातलेला, मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या चकत्यांवर वाढलेला आणि कागदात गुंडाळून हातात दिलेला. या पदार्थाला तिकडे 'डबल्स' म्हणतात. तो खाण्यासाठी टेबल लागत नाही, ताट लागत नाही आणि चमचाही लागत नाही. कचेरीतला साहेब, बंदरावरचा हमाल आणि शाळेत निघालेले पोर एकाच रांगेत उभे राहून तो खातात.

या धंद्याविषयी येथे सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. आमच्या वाचकांत हातगाडीवाले, भटारखानेवाले आणि लहान हॉटेल चालविणारे पुष्कळ आहेत. डबल्सचा धंदा उभा केला तो एका गरीब मुस्लिम जोडप्याने. आज तो त्रिनिदादची ओळख बनला आहे आणि न्यूयॉर्क, टोरांटो, लंडन येथपर्यंत पोहोचला आहे. परंतु ज्यांनी तो सुरू केला त्यांच्या हाती त्यातून काय राहिले, आणि जे आज तो करतात ते आपल्या मेहनतीचा हिशेब कसा मांडतात, हा भाग आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो.

थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. इंग्रजांच्या वसाहतींत १८३० च्या दशकात गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनासे झाले. तेव्हा पाच-पाच वर्षांच्या करारावर हिंदुस्थानातून माणसे नेण्यास सुरुवात झाली. त्रिनिदादला अशा मजुरांचे पहिले जहाज ३० मे १८४५ रोजी लागले. त्याचे नाव 'फतह अल-रज्जाक', इंग्रजी दप्तरात 'फॅटेल रझॅक'. हे जहाज मुंबईच्या इब्राहिम बिन युसूफ या व्यापाऱ्यासाठी बांधले गेले होते, एवढाच काय तो आपल्या मुंबईचा या गोष्टीशी धागा. मजूर मात्र बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून गेले आणि ते होते आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे त्रिनिदादला उतरली. त्यांत हिंदू पुष्कळ होते, मुसलमानही होते. भाषा हळूहळू गेली, स्वयंपाकघरातले शब्द मात्र टिकले. जिऱ्याला ते आजही 'गीरा' म्हणतात, चण्याला 'चन्ना'. तिथे उगवणाऱ्या लांबट पानांच्या, कोथिंबिरीसारख्या वासाच्या पाल्याला 'बंधनिया' म्हणतात, म्हणजे बन धनिया. अळूच्या पानांना डाळीचे पीठ लावून तळतात त्याला 'सहीना' म्हणतात. कोकणातील माणसाने पाहिले तर तो अळूवडीच म्हणेल.

आता मूळ गोष्ट. त्रिनिदादच्या दक्षिणेला, ऊसपट्ट्यात, प्रिन्सेस टाउन नावाचे गाव आहे. तेथे इमामूल दीन, ज्यांना लोक मामू दीन म्हणत, आणि त्यांच्या पत्नी रहमान रसूलन दीन हे जोडपे चणे विकून गुजराण करीत असे. आधी तळलेले चणे, मग उकडलेले, मग मसाल्याचे. १९३६ साली त्यांनी एका मऊ तळलेल्या चकतीवर रस्स्याचे चणे वाढून द्यायला सुरुवात केली. या चकतीला तिकडे 'बारा' म्हणतात. आपल्या आकड्याशी घोटाळा नको, आणि शब्द मुळात 'बडा' असाच आहे, म्हणून येथे आम्ही बडाच लिहितो. एका बड्यावर रस्सा सांडे, हात भरत. गिऱ्हाइके म्हणू लागली, बडा डबल करा. मागणी वाढली आणि पदार्थाला नाव मिळाले. नाव ठेवण्यासाठी कोणी बैठक बोलावली नव्हती, ते गिऱ्हाइकाच्या तोंडून आले. आमच्या मते बाजारात टिकणारी नावे पुष्कळदा अशीच येतात.

पुढे मामू दीन यांचे अली आडनावाचे मेहुणे या धंद्यात आले, शिकले आणि त्यांनी आपापल्या ठिकाणी विक्री सुरू केली. 'अलीज डबल्स' हे नाव आज त्रिनिदादमध्ये घरोघरी माहीत आहे. दीन कुटुंबातील बदरू दीन यांनी घरच्या या धंद्याच्या आठवणींचे पुस्तक लिहिले, त्यामुळे ही हकीकत नोंदली तरी गेली. नाही तर रस्त्यावरच्या किती पदार्थांचा कर्ता आपल्याला माहीत असतो?

डबल्स हे नाव दीन यांच्या मालकीचे राहिले नाही आणि आता ते कोणाचेच नाही, असे म्हणावे लागते. आपल्याकडे 'भेळ' या शब्दावर जसा कोणाचा हक्क नाही तसे ते सर्वसाधारण नाव झाले. ज्याला वाटेल तो डबल्स करू शकतो आणि तसेच विकू शकतो. यात अन्याय आहे असे काही वाचकांना वाटेल. पण दुसरी बाजूही आहे. नाव सर्वांचे झाले म्हणून पदार्थ बेटभर पसरला, शेकडो घरांच्या चुली त्यावर पेटल्या आणि गिऱ्हाइकाला त्याची सवय लागली. आज तेथे विक्रेत्याचे नाव आणि त्याची जागा हीच त्याची खूण असते. क्युरेपचे डबल्स निराळे आणि डेबेचे निराळे, असे लोक हिरिरीने सांगतात, आणि अमक्याच्या गाडीसाठी अर्धा तास मोटार हाकतात. कागदावरचा हक्क नाही, तरी हातचा हक्क आहे. हा हातचा हक्क कशात असतो ते समजण्यासाठी पदार्थ तयार कसा होतो हे नीट पाहिले पाहिजे.

सारे रहस्य बड्यात आहे. मैदा, हळद, जिरे, मीठ, चिमूटभर साखर, यीस्ट आणि पाणी, एवढाच माल. पण कणीक पोळीच्या कणकेसारखी घट्ट नसते. ती इतकी सैल असते की नवख्याच्या हाताला चिकटून बसते आणि तो घाबरून आणखी मैदा घालतो. तेथेच काम बिघडते. अनुभवी माणूस तळहाताला तेल लावून लहान गोळा उचलतो आणि बोटांनीच दाबून पसरवतो, लाटणे वापरत नाही. तेल चांगले तापलेले हवे. बडा टाकला की फुगतो, लगेच उलटायचा आणि लगेच काढायचा. सगळा मामला दहा-पंधरा सेकंदांचा. जरा रेंगाळले की तो पुरीसारखा कडक होतो आणि कडक बडा चणे वाढताच तडकतो. तळलेले बडे उघड्यावर गार करायचे नाहीत. एकावर एक रचून, कापड घातलेल्या पेटीत झाकून ठेवायचे. वाफेने ते रुमालासारखे मऊ होतात. पूर्वी ही लाकडी पेटी सायकलवर बसविलेली असे, आता मोटारीच्या डिकीत थंड पेयांच्या जाड पेट्या असतात. थंड ठेवण्यासाठी केलेली पेटी तेथे गरम ठेवण्यासाठी वापरतात, ही युक्ती आम्हाला फार आवडली.

चण्याचे काम रात्रीपासून सुरू होते. भिजत घालणे, पहाटे उकडणे, मग करी मसाला, लसूण, बंधनिया घालून शिजविणे. काही चणे मोडून रस्सा दाट करावा लागतो. पातळ रस्सा कागदातून गळतो आणि अति दाट झाला तर घास कोरडा लागतो. बरोबर तीन-चार चटण्या : चिंचेची गोड, काकडीची, आंब्याची, आणि तिकडची जहाल मिरची वाटून केलेली.

गाडीवर उभा असलेला माणूस एका हाताने कागद घेतो, दोन बडे एकमेकांवर थोडे सरकवून ठेवतो, चमचाभर चणे, चटण्या, आणि कागदाला पीळ देऊन पुढे करतो. एवढे करीत असताना तो विचारतो, तिखट किती? गिऱ्हाईक म्हणते, 'स्लाइट', म्हणजे जरासे, किंवा अजिबात नको, किंवा भरपूर. रोजच्या गिऱ्हाइकाला तो विचारतही नाही. पाच-सात जणांच्या मागण्या, कोणी किती खाल्ले आणि कोणाचे किती पैसे, हे सारे तोंडपाठ. खाणारे बाजूलाच उभे राहून खातात आणि शेवटी आकडा सांगून पैसे देतात. विश्वासावर चालणारा हा हिशेब आहे आणि बहुधा चुकत नाही. सरकारी बाजूने पाहिले तर खाद्यपदार्थ हाताळणाऱ्याला तेथे आरोग्य खात्याचा 'फूड बॅज' घ्यावा लागतो, आणि जाणते गिऱ्हाईक तो पाहते.

आणखी एक गोष्ट धंद्याच्या नजरेने मोलाची आहे. डबल्समध्ये मांस नाही, मासळी नाही, अंडे नाही. त्रिनिदादमध्ये आफ्रिकी वंशाचे ख्रिस्ती, हिंदू आणि मुसलमान एकत्र राहतात. मुसलमान लोकसंख्येच्या शेकडा पाचाच्या आसपास आहेत. विकणारा कोणीही असो, हलालचा प्रश्न येत नाही. उपासाच्या दिवसांत मांस टाळणारा हिंदूही तो खातो. मामू दीन यांनी हा विचार करून पदार्थ निवडला असे आम्ही म्हणत नाही, गरिबाला चणा स्वस्त पडत होता हेच कारण पुरेसे आहे. पण परिणाम असा झाला की पाच टक्क्यांतल्या माणसाला शंभर टक्के गिऱ्हाईक मिळाले. अट एकच, तेल वेगळे हवे. जेथे त्याच कढईत मासळी तळली जाते तेथे शाकाहारी गिऱ्हाईक परत येत नाही.

हाच पदार्थ परदेशात गेल्यावर काय होते त्याचे चांगले उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट भागात कॅरिबियन बेटांतून आलेल्यांची मोठी वस्ती आहे. तेथे त्रिनिदादच्या एका दांपत्याने २००२ साली 'ए अँड ए बेक अँड डबल्स' नावाचे दुकान काढले. दुकान म्हणजे काय, जेमतेम उभे राहण्याइतकी जागा. माल घ्यायचा आणि वाट धरायची. २०१९ साली अमेरिकेतील जेम्स बिअर्ड फाउंडेशनने या दुकानाला 'अमेरिकाज क्लासिक्स' हा सन्मान दिला. मोठमोठ्या हॉटेलांना ज्याची आस असते त्या संस्थेने मोहल्ल्यातल्या पार्सलच्या दुकानाची दखल घेतली.

या दुकानाच्या नावात 'बेक' आहे त्याकडेही लक्ष द्यावे. बेक म्हणजे तव्यावर भाजलेली किंवा तळलेली जाड भाकरी, तिच्यात खारवलेली मासळी वगैरे भरतात. ती मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घरातली, डबल्स हिंदुस्थानी मजुरांच्या घरातले. परदेशात दोन्ही एका गल्ल्यावर आले. त्रिनिदादच्या रस्त्यावर एकाच पदार्थावर गाडी चालते, कारण जागेचे भाडे नाही किंवा नाममात्र आहे. न्यूयॉर्कच्या भाड्याला एका स्वस्त पदार्थाचा आधार पुरत नाही, म्हणून अशा दुकानांत बेक, आलू पाय, फुलौरी, रोटी आणि थंड पेये यांची जोड दिलेली दिसते. पण दुकानाची ओळख डबल्सच राहते. गिऱ्हाईक त्याच्यासाठी येते आणि जाताना आणखी काही घेते.

आता हिशेबाकडे वळू. आम्ही मांडलेला हा हिशेब नमुन्याचा आहे, आकडे प्रत्येकाने आपल्या बाजाराप्रमाणे बदलावेत. एक किलो मैद्याची सैल कणीक सुमारे पावणेदोन किलो होते. पस्तीस ग्रॅमचा एक गोळा धरला तर पन्नास बडे, म्हणजे पंचवीस डबल्स. सकाळी ३०० डबल्स विकायचे तर बारा किलो मैदा आणि सहा किलोच्या आसपास कोरडे चणे लागतील, कारण चणा शिजून दुपटीहून अधिक भरतो. माल स्वस्त दिसतो, म्हणून बघणाऱ्याला वाटते की नफा भरपूर.

मात्र वेळ मोजून पाहा. कणीक मळणे अर्धा तास, चणे शिजविणे दीड तास, चटण्या एक तास, ६०० बडे थापणे आणि तळणे दोघांचा दीड-दीड तास. गाडीवर दोघे चार-चार तास. खरेदी, भांडी, पेट्या आणि कापडे धुणे दोन तास. एकूण सोळा तास भरतात, म्हणजे दोन माणसांचा पुरा दिवस. आपल्याकडची रोजची मजुरी ६०० रुपये धरली तर दोघांचे १,२०० रुपये झाले. ३०० नगांवर वाटले तर प्रत्येक नगामागे चार रुपये फक्त मेहनतीचे. मैदा, चणे, तेल, गॅस, कागद यांचा खर्च आणि नफा याच्यावर.

हे चार रुपये किती घरांत धरले जातात? आमचा अनुभव असा की धरले जात नाहीत. गाडीवर उभा राहणारा आपली कमाई मोजतो, पहाटे तीनला उठून कणीक मळणारी बायको, चटणी वाटणारी आई आणि भांडी घासणारी मुलगी हिशेबात येत नाहीत. त्रिनिदादमध्येही पदार्थ दीन दांपत्याच्या नावे सांगितला जातो तो योग्यच आहे, कारण रहमान रसूलन यांच्या चुलीशिवाय मामू दीन यांना विकायला काही नव्हते. घरच्यांची मजुरी रोख द्या न द्या, पण भाव ठरविताना ती वहीत लिहिली पाहिजे. नाही तर ज्या दिवशी घरातले माणूस आजारी पडते आणि बाहेरचा हात लावावा लागतो, त्या दिवशी कळते की आपण इतकी वर्षे तोट्यात विकत होतो.

भाव वाढविणे हा या धंद्यातला सर्वांत अवघड प्रसंग. त्रिनिदादमध्ये गहू पिकत नाही, तो बाहेरून येतो आणि तेथील गिरणीत दळला जातो. चणाही बाहेरचाच. डिसेंबर २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये तेथे पिठाचे भाव चढले तेव्हा डबल्सचा भाव हा वर्तमानपत्रांचा विषय झाला. एका डबल्समध्ये मैदा तो किती, जेमतेम चाळीस ग्रॅम. मग भाव का वाढवता, असे गिऱ्हाईक विचारते. त्याचे म्हणणे वरवर खरे आहे. परंतु मैद्याबरोबर तेल, चणे आणि गॅसही चढलेले असतात, आणि एवढ्या स्वस्त वस्तूचा भाव पैशापैशाने वाढविता येत नाही. रांगेत सुटे पैसे मोजत बसायला कोणाला वेळ नसतो. म्हणून विक्रेता वर्ष-दोन वर्षे सोसतो आणि मग एकदम एक नाणे वाढवितो. सोसलेला काळ कोणाला दिसत नाही, वाढलेले नाणे सर्वांना दिसते. बडा लहान करणे हा दुसरा मार्ग काहीजण धरतात. आमच्या मते तो वाईट. रोज खाणाऱ्याच्या बोटांना गोळ्याचे वजन पाठ असते.

त्याहून मोठा धक्का कोरोनाच्या काळात बसला. एप्रिल २०२० मध्ये तेथील सरकारने हॉटेलांबरोबर रस्त्यावरची विक्री आणि पार्सलही बंद केले. मे महिन्यात परवानगी मिळाली, पण २०२१ मध्ये पुन्हा काही आठवडे बंदी आली. रोज विकून रोज खाणाऱ्याला महिनाभर कढई पालथी ठेवावी लागली. ज्यांनी दुकान, नोंदणी, बँकेचे खाते असा काही कागद करून ठेवला होता त्यांना आपला धंदा किती आहे हे दाखविता तरी येत होते. ज्याचा सारा व्यवहार खिशात होता त्याच्याजवळ दाखवायला सायकलीवरच्या पेटीशिवाय काही नव्हते.

ज्या वाचकांना बडा करून पाहायचा असेल त्यांच्यासाठी एक सूचना देऊन ठेवतो. पहिल्या घाण्यात तो पुरीसारखा होणारच. मैदा वाढवू नका, पाणी थोडे वाढवा, कणीक तासभर झाकून ठेवा आणि तळल्याबरोबर स्वच्छ सुती कापडात दाबून गुंडाळा. दहा मिनिटांनी कापड उघडून बडा मधोमध दुमडावा. चीर न पडता दुमडला तर चणे वाढण्यास हरकत नाही.